धोकादायक चाळीची नोटीस: घर सोडा, पण सही करू नका

प्रश्न: कल्याणमधल्या साठ वर्षांच्या जुन्या चाळीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. भाडेपावती दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. गेल्या आठवड्यात दारावर महापालिकेची ‘अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करा’ अशी नोटीस लागली. मालक म्हणतात, तीन लाख घ्या आणि ताबा सोडल्याच्या कागदावर सही करा, नाहीतर चाळ पडली की तुमचा हक्कही गेला. वर्षभर ते भाडंही घेत नाहीत. काय करावं?

उत्तर: मालकांचं म्हणणं खोटं आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ‘शहा रतनशी खिमजी’ प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा मुद्दा निकाली काढला. त्या प्रकरणातही बांधकाम महापालिकेनेच पाडलं होतं. भाडेकरूचा हक्क नुसत्या भिंतींत नसतो, खालच्या जमिनीतही असतो, असं न्यायालयाने म्हटलं. हक्क जातो तो त्या सहीने.

आता दारावरची नोटीस नीट वाचा. तुमच्या शहराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि धोकादायक बांधकामाची नोटीस त्यातल्या कलम २६४ खाली निघते. हे कलम फक्त पाडण्याचं नाही. बांधकाम पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, यातलं काहीही सांगता येतं. वर्गवारी कोणती लिहिली आहे तेही बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची आणि सी-२ब म्हणजे राहून दुरुस्त करायची. सी-१ ठरवणारा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मालकाच्याच इंजिनिअरचा असेल, तर त्याची प्रत मागा. पटला नाही तर सगळ्या भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरं ऑडिट करून घ्या. दोन अहवाल जुळले नाहीत, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे असे वादातले अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवा अशी लेखी मागणी करा.

पण हे बाहेर राहूनही करता येतं. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील, जिन्याला टेकू लावले असतील, तर कोर्टाच्या तारखेची वाट बघत आत राहू नका. अशा इमारतीच्या नोटिशीला कोर्टाची स्थगिती मिळणं कठीण असतं आणि माझ्या मते मिळूही नये.

निघण्याआधी मात्र एक दिवस कागदांना द्या. महापालिकेला अर्ज करून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या खोल्यांचं चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) मोजून मागा. मुंबई महापालिकेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१४ सालीच पाडण्याआधी हे मोजमाप करायला सांगितलं आहे, त्याचा आधार घ्या. टेप लावून तुम्हीही मोजा आणि आतून-बाहेरून फोटो काढा. जुन्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड जपून ठेवा. मग मालकाला स्पीड पोस्टाने कळवा: ‘महापालिकेच्या नोटिशीमुळे जिवाच्या भीतीने तात्पुरतं बाहेर पडत आहोत, भाडेकरू म्हणून आमचा हक्क सोडलेला नाही.’ पोचपावती सांभाळा. पुनर्विकासात तुमच्या जागेचा प्रश्न येईल तेव्हा हेच कागद उपयोगी पडतील.

पावती सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होऊ शकतं. तुम्ही तेव्हा तिथेच राहत होतात, हे दाखवणारा पुरावा मात्र हवा.

थकलेलं भाडं मनीऑर्डरने पाठवा. नाकारली तर परत आलेला फॉर्म फायलीत लावा. पुढे थकबाकीचा दावा झाला तर तुम्ही भाडं द्यायला तयार होतात, हे त्यातून दिसेल.

हे सगळं करण्याआधी नोटिशीवरची मुदत बघा. हरकत त्याच्या आत महापालिकेच्या आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.