ग्रीक पुराणकथांवर आठ-बिट धाटणीचा पझल-प्लॅटफॉर्मर गेम करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एकट्याने ग्रीक पुराणकथांवरचा जुन्या धाटणीचा पझल-प्लॅटफॉर्मर (उड्या मारत कोडी सोडवायचा गेम) करायचा आहे, तर चित्रं, उडी आणि कोडी यांतलं आधी काय हातात घ्यावं आणि कथा कुठे बसवावी.

आधी एकच कथा घ्या आणि तिच्यातली वस्तू हीच खेळाची यंत्रणा करा. शत्रूंना मेडुसा, मिनोटॉर, सायक्लॉप्स अशी नावं आणि चेहरे दिले, पण खेळणारा करतो ते उड्या मारणं आणि नाणी गोळा करणंच, तर कथा नुसती रंगरंगोटी उरते. पहिल्या गेमसाठी मी डोळे झाकून अरिआड्नेचा, म्हणजे क्रीटच्या राजकन्येने थीसियस या वीराला दिलेला धागा सुचवेन. क्रीटच्या भूलभुलैयात शिरताना थीसियस धाग्याचं एक टोक दाराशी बांधतो, गुंडाळी सोडत आत जातो आणि मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारून त्याच धाग्याने परत येतो. मोजकी लांबी, आलेल्या वाटेची खूण आणि परतीचा प्रवास, कोड्याला लागणारं सगळं यात आयतं मिळतं.

इथे बहुतेक जण दोरीची फिजिक्स वापरायला जातात आणि अडकतात. सांध्यांनी जोडलेली दोरी थरथरते, भिंतीत घुसते आणि तिची लांबी दर फ्रेमला (सेकंदाच्या साठाव्या भागाला) बदलते. त्याऐवजी धागा कायम ताणलेलाच आहे असं धरा आणि त्याचे वळणबिंदू फक्त एका यादीत ठेवा. पहिला बिंदू म्हणजे दार. प्रत्येक फिजिक्स फ्रेमला शेवटच्या बिंदूपासून नायकापर्यंत रेकास्ट (मध्ये काही आडवं येतं का ते तपासणारी अदृश्य रेषा) टाका. मध्ये भिंत आली, तर धागा ज्या टाइलच्या (भिंती-जमीन रचायच्या चौकोनी तुकड्याच्या) कोपऱ्याला अडला तो कोपरा यादीत घाला. घालतानाच मागच्या तुकड्याची दिशा आणि नव्या तुकड्याची दिशा यांचा क्रॉस प्रॉडक्ट (धागा डावीकडे वळला की उजवीकडे ते ज्याच्या चिन्हावरून कळतं तो गुणाकार) काढून त्याचं चिन्ह त्या बिंदूसोबत साठवा. नायक मागे फिरला आणि ते चिन्ह उलटलं, की बिंदू काढून टाका, धागा आपोआप सुटतो. एकूण लांबी म्हणजे सगळ्या तुकड्यांची बेरीज.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. कोपरा जसाच्या तसा घेतला तर पुढचा रेकास्ट त्याच टाइलला धडकतो आणि बिंदू दर फ्रेमला घातला-काढला जातो, म्हणून तो मोकळ्या बाजूला १ पिक्सेल सरकवून ठेवा. नायक वेगाने खाली पडत असेल तर एका फ्रेममध्ये कोपरा मागे सुटू शकतो. त्यासाठी शेवटचा बिंदू, नायकाची जुनी जागा आणि नवी जागा यांच्या त्रिकोणात येणारे कोपरे शोधा आणि जुन्या रेषेपासून सर्वांत कमी कोनावर असलेला आधी घ्या. तिसरं म्हणजे सरकत्या फळ्या. पहिल्या गेममध्ये धागा त्यांना गुंडाळूच देऊ नका, त्यांच्या आरपार जाऊ द्या.

लांबी ४० टाइल, म्हणजे १६ पिक्सेलच्या हिशेबाने ६४० पिक्सेल ठेवून पाहा. खांबाला चुकीच्या बाजूने वळसा घातला की धागा कमी पडतो, आणि नायकाला तोच वळसा उलटा घालून यावं लागतं. हवेत असताना धागा संपला तर शेवटच्या वळणबिंदूपासून दूर नेणारा वेग शून्य करा, नायक लोंबकळतो आणि झोका घेतो. ही करामत खेळणाऱ्यांना लगेच सापडते, तेव्हा एखादी खोली मुद्दाम झोक्यावरच रचा.

उडीचे आकडे खोल्या रचण्याआधी पक्के करा आणि मग त्यांना हात लावू नका. ५२ पिक्सेल उंची आणि टोकाला पोचायला ०.४ सेकंद धरले तर गुरुत्व २×५२÷०.१६ म्हणजे ६५० आणि सुरुवातीचा वेग २×५२÷०.४ म्हणजे २६०. सेकंदाला ६० फ्रेमच्या गणनेत प्रत्यक्ष उडी साधारण २ पिक्सेल कमी भरते, म्हणजे ५० च्या आसपास. तीन टाइलचा कठडा (४८ पिक्सेल) सुखाने चढता येतो, चार टाइलचा कधीच नाही. आडवा वेग सेकंदाला १०० पिक्सेल ठेवला तर हवेतले ०.८ सेकंद म्हणजे ८० पिक्सेल, पाच टाइल. पण कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारू देण्याची सवलत (ती द्याच) साधारण १० पिक्सेल वाढवते, आणि नायकाची रुंदी आणखी १०. त्यामुळे सहा टाइलची दरी सराईत खेळाडू कशीबशी पार करतो आणि तुमचं कोडं न सोडवताच पुढे जातो. जिथे अडवायचंच आहे तिथे दरी किमान सात टाइलची हवी.

पडद्यासाठी ३२०×१८० घ्या. सहापट केलं की बरोबर १९२०×१०८० भरतो. १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर चौपट होऊन भोवती काळी पट्टी उरते, तीच बरी. स्केल मोड इंटिजर, म्हणजे पूर्ण पटींतच मोठं करणारा, करा (गोडॉट ४.२ पासून ही सोय आहे) आणि टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट, म्हणजे चित्र न पुसटता मोठं करणारा, नाहीतर काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात. १८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून खोली २०×११ टाइलची ठेवा आणि वरचे ४ पिक्सेल नक्षीच्या पट्टीला द्या.

रंगांबाबत ग्रीक कुंभारांनी आपलं काम सोपं करून ठेवलं आहे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातल्या अथेन्सच्या काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर भाजलेल्या मातीचा नारिंगी, काळा, पांढरा आणि जांभळट लाल एवढेच रंग दिसतात. निन्टेंडोच्या जुन्या एनईएस या गेम-यंत्रावरही एका टाइलला पार्श्वभूमी धरून चारच रंग मिळत. दोन्ही मर्यादा इतक्या जुळतात की याहून वेगळी पॅलेट (रंगांचा संच) शोधूच नये. २०१५ च्या अपोथिऑन या गेमने हीच चित्रशैली वापरली आहे, तो जरूर पाहा. फक्त नायक काळा आणि भिंतीही काळ्या केल्या तर काहीच कळत नाही. भरीव काळा नायक आणि शत्रूंसाठी राखा, भिंतींना नारिंगीवर काळ्या रेघा द्या, धागा पांढरा आणि धोका लाल.

दुसरी यंत्रणा हवी असेल तर मेडुसाला (जिच्याकडे पाहणारा दगड होतो ती राक्षसीण) मारणाऱ्या पर्सियसची ढाल. बहुतेक गेममध्ये ती ढाल मेडुसाची नजर परतवते, पण कथेत पर्सियस ढालीत तिचं प्रतिबिंब पाहून मान कापतो. तेच घ्या: तोंड तिच्याकडे असेल तर नायक दगड होतो, म्हणून एक बटण दाबून तोंड उलट ठेवत पाठमोरं चालायचं. पुढे मुंडकं हाती आलं की शत्रूंना दगड करून पायऱ्या बनवता येतात. मात्र दगड चुकीच्या खड्ड्यात पडला की खोली सुटेनाशी होते आणि खेळणाऱ्याला ते कळतही नाही. त्यामुळे एक पाऊल मागे घेण्याचं बटण पहिल्या दिवसापासून असू द्या. प्रत्येक कृतीपूर्वी नायकाची आणि दगडांची जागा साठवा, आणि धाग्याच्या बिंदूंची यादीही साठवा. ती विसरली तर नायक मागे येतो आणि धागा पुढेच राहतो.

निन्टेंडोचा १९८६ चा किड इकारस याच वाटेवरचा जुना गेम, आणि त्याचं वातावरण अभ्यासण्यासारखं आहे. शिक्षा मात्र उचलू नका. तिथे उभ्या टप्प्यांत पडदा खाली सरकत नाही, म्हणून मघाशी ज्या फळीवर उभे होतो तिच्यावर परत पडलं तरी मरण. किल्ल्यातला जादूगार नायकाचं वांगं करतो आणि बाण मारता येत नाहीत, बरं व्हायला इस्पितळाची खोली शोधत जावं लागतं. कोड्यांच्या गेममध्ये चुकीनंतर विचार करायला वेळ हवा, म्हणून मेल्यावर त्याच खोलीच्या दारात, अर्ध्या सेकंदाच्या आत उभं करा.

पहिल्या दहा खोल्या राखाडी चौकोनांनीच करा आणि गेम कधीच न पाहिलेल्या कुणालातरी खेळायला बसवा. तोंडातून शब्द काढू नका. तिसऱ्या खोलीपर्यंत त्याने धागा सोडवायला आपणहून मागे पाऊल टाकलं नाही, तर सूचनेची पाटी न लावता पहिल्या खोलीत एकच खांब ठेवा आणि धागा इतका आखूड करा की वळसा उलटा घातल्याशिवाय दार गाठताच येणार नाही.