'प्रिसपोज'पाशी अडते, मग क्लॅट सोडायची का?

सिन्नरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीत, दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) 'धिस आर्ग्युमेंट प्रिसपोजेस...' असा प्रश्न आला की चुकते. ते विचारतात, 'इंग्रजी कच्चं असताना तिला लॉला घालावं का?'

नमस्कार,

आधी तुमचाच प्रश्न घेऊ. त्याला कुणी 'हो' म्हणो की 'नाही', इंग्रजी कच्चं आहे हे दोघांनीही न बोलता मान्य केलेलं असतं. प्रिसपोज म्हणजे नेमकं हेच, बोलणं उभं राहण्याआधीच गृहीत धरलेलं. 'नाशिकच्या द्वारका चौकातला ट्रॅफिक जाम सुटला का?' यातही जाम होता हे आलंच. माणूस गृहीत धरतो, तेव्हा तो 'अझ्यूम' करतो. 'प्रिसपोज'चा कर्ता मात्र बहुधा प्रश्न, योजना किंवा युक्तिवाद असतो.

पेपरात मात्र युक्तिवाद येतो. समजा, 'परदेशात मागणी वाढली, म्हणून निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला यंदा जास्त पैसे मिळतील.' यात काय गृहीत आहे? माल हाताशी आहे हे. ते उलटं करून बघायचं: अवकाळीने घड तडकले, माल निर्यातीचा उरलाच नाही. युक्तिवाद कोसळला, म्हणजे गृहीतक बरोबर पकडलं. जे उलटं केल्यावरही युक्तिवाद तसाच उभा राहतो, तो पर्याय सोडून द्यायचा. हे सगळं मराठीत करता येतं. सिन्नरच्या मुलीला तर द्राक्षांचं जास्तच कळेल.

'प्रिझ्यूम' वेगळा. पुरावा पूर्ण नसतानाही काही आधारावर मानून चालणं, आणि उलट सिद्ध होईपर्यंतच. वकिलीत तो रोज भेटतो: आरोपी निर्दोष मानायचा, सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं मानायचं; जिवंत आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

क्लॅटच्या 120 प्रश्नांत लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे अशा युक्तिवादांचे, साधारण 22 ते 26, आणि चुकीला पाव मार्क जातो. त्यामुळे अंदाजपंचे उत्तरं बंद. राज्याच्या सीईटी सेलची पाच वर्षांच्या लॉची प्रवेश परीक्षाही भरून ठेवा; ती मराठीतून देता येते, निगेटिव्ह मार्किंगही नाही.

पुण्याच्या क्लासची फी लगेच भरू नका. आधी तिच्या जुन्या मॉकमधले चुकलेले प्रश्न वेगळे काढा. उतारा समजूनही फक्त गृहीतकाचे चुकत असतील, तर महिनाभर घरचाच सराव बघा. उताराच कळत नसेल, तर मला पुन्हा लिहा, सोबत ते प्रश्नही पाठवा.