आधी गोठा बंदिस्त करा

बिबट्या-लांडग्याने शेळी नेल्यावर राग येणारच, पण विष घालायच्या फंदात पडू नका. त्यात तुमचंच कुत्रं मरेल, मेलेलं खाणारी गिधाडं मरतील, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा शिकारी येईल.

पहिलं काम गोठ्याचं. नुसती भिंत उंच करून भागत नाही, वरूनही बंद हवं. बिबट्या भिंतीवरून सहज आत उतरतो. खुराड्याला ती पातळ षटकोनी जाळी अजिबात नको. कोंबड्या आत राहतात, पण कोल्हा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी घ्या आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पुरा. उकरणारं जनावर भिंतीला खेटूनच उकरतं, तिथेच त्याचे पंजे जाळीवर अडतात.

दिवस मावळायच्या आत जनावरं आत घ्या. व्यायल्यावर पडलेली वार, मेलेली पिल्लं खोल पुरा. वासावर शिकारी लांबून येतात. दिवे, भोंगे थोडे दिवस चालतात, मग शिकारी त्यांना सरावतात.

बिबट्या किंवा लांडगा समोर आलाच तर पळू नका. मोठ्याने ओरडत, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. गोठ्यात अडकला असेल तर मात्र दारात गर्दी करू नका, वन खात्याला कळवा.