पालवीआधीचे नारिंगी पतंग

प्रश्न : उत्तर युरोपातल्या बर्चच्या रानात आर्किएरिस पतंग पाहण्यासाठी रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावला. एकही आला नाही. काय चुकलं?

उत्तर : हा पतंग दिवसा उडतो, दिव्याचा इथे उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये, बर्चला पालवी फुटण्याआधी, वारा पडलेला आणि लख्ख उन्हाचा दिवस निवडा. ढग आला की उडणं थांबतं; अशा वेळी जागा न बदलता ऊन परत येण्याची वाट पाहा. सूर्य पाठीशी घ्या आणि दुर्बीण शेंड्यांवर लावा. तिथे भिरभिरणारे नारिंगी ठिपके दिसतात, ते मागचे पंख. पुढचे पंख तपकिरी असल्याने बसलेला पतंग सालीत मिसळून जातो. पंखविस्तार जेमतेम ३५ ते ३९ मिलिमीटर. जाळी घेऊन शेंड्यांमागे धावण्यात अर्थ नाही. फोटो हवा असेल तर फुललेल्या विलोच्या तुऱ्यांवर आणि ओल्या वाटेवर लक्ष ठेवा; पतंग तिथे खाण्यापिण्यासाठी उतरतात.

प्रश्न : पार्थेनिआस हा आर्किएरिस आणि त्याच्यासारखाच दिसणारा नोथा यांत फरक कसा करायचा?

उत्तर : पार्थेनिआसचं झाड बर्च, नोथाचं अ‍ॅस्पेन, शिवाय नोथा थोडा उशिरा उडतो. पण दोन्ही झाडं शेजारी असतील तर उडत्या पतंगाला ठामपणे नाव देऊ नये. नर हाती लागला तर स्पर्शिका भिंगातून पाहा : नोथाच्या कंगव्यासारख्या, पार्थेनिआसच्या साध्या, बारीक दातेरी. नोथा आता बूदिनोतिआना या वेगळ्या प्रजातीत (genus) गेला आहे. जुन्या पुस्तकांत तो आर्किएरिसखालीच सापडेल. उत्तर अमेरिकेतला इन्फान्स मात्र आर्किएरिसच, आणि तोही बर्चवरचा.

प्रश्न : आर्किएरिसच्या अळ्यांना बर्चची ताजी पानं दिली, तरी त्या लहानपणीच मेल्या. का?

उत्तर : बहुधा उपासमारीने. नुकती निघालेली अळी आधी बर्चचे तुरे खाते, पानांकडे नंतर वळते. फुललेल्या तुऱ्यांची डहाळी पाण्यात ठेवा आणि सुकण्याआधी बदला. अंग कमानीसारखं वाकवत चालणाऱ्या भूमापक अळ्यांना पोटपायांच्या (पोटाखालच्या मऊ पायांच्या) सहसा दोनच जोड्या असतात; त्यांच्या कुळातली असूनही हिला पाचही जोड्या असतात (पुढच्या तीन आखूड), म्हणून वेगळीच अळी आणली असं समजू नका. पूर्ण वाढ झाल्यावर पेटीत कुजकं, मऊ लाकूड किंवा जाड साल ठेवा. ती त्यात शिरून कोष करते. कोष हिवाळाभर बाहेरच्या थंडीत राहू द्या, उबदार खोलीत नको. वसंतात पतंग निघाला नाही तरी लगेच फेकू नका. काही कोष आणखी एक हिवाळा काढतात.