वाचकांचे प्रश्न : रेनबो माशांचे रंग, पाणी आणि पिल्ले

शोभिवंत माशांविषयी या वेळी आलेल्या पत्रांत रेनबो माशांसंबंधीची पत्रे सर्वाधिक होती. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी ‘रेनबो शार्क’विषयी विचारले आहे, त्यांना एवढेच सांगतो की तो पूर्णपणे वेगळ्या कुळातील, एकलकोंडा आणि भांडखोर मासा आहे, पुढील उत्तरे त्याला लागू पडणार नाहीत.

प्रश्न : छायाचित्रांत बोसेमनी रेनबो पुढून निळा आणि मागून केशरी दिसतो. मी आणलेले सहा मासे मात्र चार महिन्यांनंतरही रुपेरी-करडेच आहेत. दुकानदार रंग वाढवणारे खाद्य घ्यायला सांगतो. माझी फसवणूक झाली आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. बहुधा आपले मासे अजून लहान आहेत. दुकानात रेनबो साधारणतः दीड-दोन इंचांचे असताना विकायला येतात आणि त्या वयात बोसेमनीच्या अंगावर रंगाची पुसटशी छटाच असते. नर साधारण वर्षभराचा झाला की रंग भरू लागतो. त्याची पाठ उंच होऊन शरीर चपटे व रुंद दिसू लागते आणि खरे रूप त्यानंतरच्या वर्षात उघडते. सेंतानी सरोवरातील लाल रेनबोचेही तसेच आहे. पिल्लू मळकट रुपेरी असते आणि पुढे फक्त नर लाल होतो. म्हणून हा मासा निवडताना शेजारच्या टाकीतील भडक माशांशी तुलना करू नये. आपल्या सहांपैकी काही माद्या असतील, तर त्या फिकटच राहणार, हेही लक्षात घ्यावे.

खाद्याविषयी दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. केशरी, पिवळा आणि तांबडा रंग ज्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो, ती मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यामुळे स्पिरुलिना, झिंग्याची पूड किंवा अस्टाझँथिन असलेले खाद्य दिल्यास मागचा केशरी भाग निश्चितच गडद होतो. पुढच्या निळ्या भागावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, कारण तो रंग त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसतो. निळा रंग खुलवायचा असेल, तर खाद्याचा डबा बदलण्याऐवजी टाकी बदलावी लागते. तळाशी पांढरे किंवा रंगीत खडे असतील, तर मासा सभोवतालाशी जुळवून घेण्यासाठी फिका पडतो. त्याऐवजी काळी वाळू घालावी, मागच्या काचेला गडद कागद लावावा, वनस्पतींची दाटी मागच्या बाजूला ठेवून पुढे पोहायला मोकळी जागा सोडावी आणि शक्य असल्यास सकाळचे कोवळे ऊन काही काळ पुढच्या काचेतून आत येऊ द्यावे. हे मासे अंगावर समोरून तिरपा प्रकाश पडला की सर्वांत चांगले दिसतात. वरच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली त्यांचे निम्मे तेज वाया जाते.

मोठे नर दोन किंवा अधिक असतील, तर सकाळी दिवा लागल्यानंतरचा अर्धा तास टाकीसमोर बसून पाहावे. दोन नर पर ताठ करून एकमेकांना समांतर पोहतात, रंग पाहता पाहता गडद होतात आणि मादी जवळ आली की नराच्या तोंडापासून पाठीच्या पहिल्या परापर्यंत कपाळावर एक फिकट पांढरट पट्टा क्षणात उमटतो व क्षणात मावळतो. एकटादुकटा नर ठेवल्यास हे दृश्य सहसा दिसत नाही. त्यामुळे सहा ही किमान संख्या समजावी आणि जागा असेल तर आठ-दहा ठेवावेत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. इवलेसे मासे असूनही सगळेच्या सगळे झगझगीत रंगाचे दिसत असतील, तर त्यांना संप्रेरके दिलेली असू शकतात. असा रंग घरी आणल्यावर काही आठवड्यांत उतरतो आणि त्या माशांची प्रजननक्षमताही बिघडलेली असू शकते. त्यापेक्षा आपले करडे मासे शतपटीने बरे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. अशा पाण्यात रेनबो जगतील का, की आरओचे पाणी वापरावे? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : आपण ज्याला अडचण समजता, तीच येथे सोय आहे. बोसेमनी मूळचा इंडोनेशियाच्या नैऋत्य पापुआ प्रांतातील आयामारू तळ्यांचा. डच मत्स्यशास्त्रज्ञ मारिनस बोसेमन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास तेथून गोळा केलेल्या नमुन्यांवरून १९८० साली या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि बोसेमन यांचेच नाव तिला मिळाले. तो सारा प्रदेश चुनखडीचा असल्याने तळ्यांचे पाणी दुष्फेन (जड, साबणाला फेस न येणारे) आणि अल्कधर्मी असते. त्यामुळे सामू (pH) ७ ते ८ असलेले, कॅल्शियमयुक्त पाणी या माशाला मानवते. निव्वळ आरओचे पाणी त्याच्यासाठी वाईटच, कारण त्यात क्षार नसल्याने सामू धरून ठेवण्याची क्षमता राहत नाही आणि तो एकाएकी घसरू शकतो. घरी सॉफ्टनर बसवलेला असेल, तर टाकीसाठीचे पाणी त्याच्या अलीकडच्या नळातून घ्यावे. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो आणि तो बदल आपल्याला नको आहे. टीडीएसचे मीटर एकूण क्षार मोजते, दुष्फेनता नाही. म्हणून शक्य झाल्यास दुष्फेनतेची वेगळी चाचणी एकदा करून घ्यावी आणि पाणी फारच जड निघाले, तर थोडे आरओचे पाणी मिसळावे.

अशा पाण्यात अमोनियाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. सामू जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. त्यामुळे नवीन टाकीत सगळे मासे एकदम सोडू नयेत, फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू स्थिरावेपर्यंत काही आठवडे थांबावे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे हे रेनबोच्या बाबतीत टाळता न येणारे काम आहे. शिळ्या पाण्यात ते मरत नाहीत, पण कोमेजतात, आणि त्वचेचे व परांचे विकार तेथूनच सुरू होतात.

मुंबई-पुण्याच्या वाचकांची स्थिती याच्या उलट आहे. धरणांतून येणारे त्यांचे पाणी बरेच सुफेन असते, त्यामुळे फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या किंवा प्रवाळाच्या चुऱ्याची लहान पुरचुंडी ठेवणे हिताचे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेतच.

प्रश्न : टाकी किती मोठी हवी? सोबत गोल्डफिश, एंजल किंवा ऑस्कर चालतील का? सकाळी दोन मासे जमिनीवर मेलेले आढळले, हे कशामुळे? (नाशिक व कोल्हापूर येथील वाचक)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो : झाकण नव्हते म्हणून. रेनबो घाबरले की किंवा एकमेकांच्या मागे लागले की सरळ उडी मारतात आणि फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेली फटही त्यांना पुरते. बोसेमनीसाठी चार फूट लांबीची टाकी घ्यावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. जागा कमी असेल, तर मांबेरामो नदीच्या खोऱ्यातील प्रेकॉक्स ही जेमतेम दोन-अडीच इंचांची निळी, तांबड्या परांची जात अडीच-तीन फुटी टाकीत आनंदाने राहते. ऑस्कर त्यांना खाईल, गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि एंजलसारखा संथ मासा या धावपळीत उपाशी राहण्याचा संभव असतो. केरळच्या नद्यांतील डेनिसन बार्ब हा आपलाच मासा मात्र त्यांच्याबरोबर फार छान पोहतो. खाद्य बारीक द्यावे, कारण रेनबोचे तोंड मोठे दिसले तरी घसा अरुंद असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३३ अंशांपर्यंत जाते आणि त्यात वीजही जाते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : रेनबोना २४ ते २८ अंश तापमान सोसते. त्याहून वर गेल्यावर उष्णतेपेक्षाही प्राणवायूची टंचाई अधिक जाचक ठरते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढते. आपल्याकडे कूलर असणारच. त्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल अशी टाकीची जागा निवडावी, झाकणाच्या जागी जाळी बसवावी आणि उडणारे पाणी रोज थोडे थोडे भरावे. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही फार किरकोळ खर्चाची वस्तू असून वीज गेल्यावर तोच मासे वाचवतो. त्या दिवसांत खाद्य निम्मे करावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : खोलीत डासांचा स्प्रे मारला किंवा कॉइल लावली, तर एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि त्यांतील पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांना अत्यंत घातक असतात.

प्रश्न : माझ्या टाकीत बोसेमनी आणि लेक कुतुबूचे निळसर रेनबो एकत्र आहेत. जावा मॉसवर अंडी दिसतात, पण पिल्ले टिकत नाहीत. ती वाढवून विकता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अंडी कशी वाढवायची, हे आधी पाहू. रेनबोची मादी एकदम सगळी अंडी न देता रोज सकाळी थोडी थोडी देते आणि प्रत्येक अंडे चिकट तंतूंनी वनस्पतीला अडकते. मॉसऐवजी अॅक्रिलिक लोकरीचा गडद हिरवा झुबका थर्माकोलच्या तुकड्याला बांधून तरंगत ठेवला, तर काम सोपे होते. चार-पाच दिवसांनी तो झुबका उचलून त्याच टाकीचे पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवावा. तापमानानुसार साधारण ७ ते १२ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पापणीच्या केसाएवढी बारीक दिसतात. बहुतेकांची पिल्ले येथेच मरतात, कारण आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या कोळंबीसारख्या जीवाची नुकतीच फुटलेली अळीसुद्धा त्यांच्या तोंडात मावत नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा त्यांना हिरवे पाणी (सूक्ष्म शेवाळाने हिरवे झालेले) किंवा इन्फ्युसोरिया (पाण्यातील सूक्ष्मजीव) द्यावे लागते आणि ते अंडी फुटण्याआधीच तयार असावे लागते. केळीची साल किंवा वाळलेले गवत टाकीच्या जुन्या पाण्यात भिजवून ठेवले की काही दिवसांत ते मिळते. नंतर आर्टेमिया सुरू करावा. वाढ मंद असते, तेव्हा गप्पीच्या हिशेबाने घाई करू नये.

विक्रीबाबत माझे मत स्पष्ट आहे : या टाकीतील पिल्ले विकू नयेत. बोसेमनी आणि कुतुबूचा रेनबो या दोन्ही जाती ज्या मेलानोटेनिया प्रजातीत मोडतात, तिच्यातील बऱ्याच जाती परस्परांत सहज संकर करतात आणि संकर पिल्ले लहानपणी शुद्ध पिल्लांसारखीच दिसत असल्याने घेणाऱ्याला काही कळत नाही. मोठेपणी त्यांच्यात ना बोसेमनीचा केशरी उतरतो, ना कुतुबूचा निळा. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक रेनबो टाक्यांत आणि तळ्यांत पैदास केलेलेच असतात. तेथे एकदा भेसळ शिरली की पुढील पिढ्यांतून ती निवडून काढता येत नाही. दोन्ही जाती शोभेसाठी एकत्र ठेवायला हरकत नाही, फक्त अंडी वाढवू नयेत. पैदासच करायची असेल, तर एकाच जातीच्या दोन नरांबरोबर तीन-चार माद्या स्वतंत्र टाकीत ठेवून तेथील अंडीच वाढवावीत. आधीच वाढलेली पिल्ले कोणा मित्राला द्यायची झाल्यास ती संकर आहेत असे सांगून द्यावीत, आणि शेततळ्यात किंवा विहिरीत तर मुळीच सोडू नयेत.