बोइंग ७३७चे १९६०च्या दशकातले डिझाइन अजूनही का वापरले जाते? कंपनी नवे विमान का काढत नाही?

प्रश्नात ‘जुने म्हणजे धोकादायक’ हे गृहीत धरलेले दिसते आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे गेलेला माणूस म्हणून सांगतो, १९६७ साली प्रथम उडालेल्या ७३७चे पंख, इंजिने आणि कॉकपिटमधली उपकरणे केव्हाच बदलली आहेत. खरा घोळ वयाचा नाही, उंचीचा आहे. छोट्या विमानतळांवर शिडी किंवा सामान चढवणारे यंत्र मिळेलच याची खात्री नसल्यामुळे हे विमान मुद्दाम जमिनीलगत ठेवले होते, आणि त्या काळी ते शहाणपणाचेच होते.

मी उमेदवारी करत असताना हँगरमध्ये २०० आणि ३०० मालिकेची दोन विमाने शेजारी शेजारी उभी होती. माझ्या वरिष्ठांनी मला आधी २००च्या इंजिनाखाली वाकायला लावले. पंखाला जवळजवळ चिकटलेले ते जेटी८डी इंजिन बारीक आणि लांबलचक होते. मग ३००च्या काउलिंगखालून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाखालून, हात फिरवायला सांगितला, तर तळ चक्क सपाट लागला. सीएफएम५६ हे इंजिन इंधन वाचवणारे, पण रुंद. ते जमिनीला टेकू नये म्हणून त्याचा पुढचा पंखा ६० इंचांपर्यंत लहान केला आणि पोटाखालची गिअरपेटी व पंप बाजूला सरकवले. “बघ, विमान बदलावे लागले नाही, इंजिनालाच वळण लावले,” असे ते अभिमानाने म्हणाले. “पण सर, चाकांचे पाय लांब का नाही केले?” असे मी विचारल्यावर ते हसले. “अरे, लांब केले तर मिटून ठेवशील कुठे?” त्यांचे उत्तर बरोबर होते. उड्डाणानंतर दोन्ही बाजूंची चाके आत वळून पोटाखाली शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे पाय लांबवायचे तर ते पंखावर आणखी बाहेर जोडावे लागतील, म्हणजे पंखाचा सांगाडाच नव्याने आखावा लागेल. माझे म्हणणे एवढेच होते की १९८०च्या दशकातच तो खर्च करून मोकळे व्हायला हवे होते. हा वाद पुढे कित्येक वर्षे, चहाच्या प्रत्येक सुट्टीत चालला.

७३७च्या सर्वांत नव्या पिढीने, म्हणजे मॅक्सने, त्याचा निकाल लावला असे मी मानतो. २०११ साली प्रतिस्पर्धी एअरबसच्या ए३२० निओला, म्हणजे नव्या इंजिनांच्या ए३२०ला, घाईने उत्तर द्यायचे म्हणून जुन्याच सांगाड्यावर आणखी मोठे इंजिन बसवले. निओच्या लीप इंजिनाचा पंखा ७८ इंचांचा, तर ७३७मध्ये जेमतेम ६९ इंचांचा मावला, आणि तोही इंजिन पुढे व वर सरकवून, नाकाखालचे चाक ८ इंचांनी उंच करून. त्यामुळे नाक फार वर गेले की विमानाची वागणूक बदलत होती. वैमानिकांना नवे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची स्वतंत्र परवानगी, घ्यावे लागू नये हा विमान कंपन्यांना दिलेला शब्द होता, म्हणून तो फरक नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या एमकॅस या प्रणालीने झाकला आणि तिला एकाच सेन्सरच्या भरवशावर सोडले. त्यातूनच घडलेल्या ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. हा जुन्या धातूचा दोष नव्हता, जुन्या डिझाइनला मिळालेल्या प्रमाणपत्राला चिकटून राहण्याचा होता.

आता, नवे विमान का नाही? अफाट खर्च, लागणारी वर्षे, आणि हजारो वैमानिक व तंत्रज्ञ याच विमानावर तयार झालेले. एवढे कारण पुरे आहे. हेही मान्य करतो की ए३२०सुद्धा १९८७ साली उडालेले विमान आहे आणि त्याच्यावरही नवी इंजिनेच चढवली गेली. फक्त त्याचे पाय मुळातच लांब होते. शिवाय मॅक्सची प्रणाली दुरुस्त झाल्यावरच नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेने अपघातांनंतर घातलेली उड्डाणबंदी उठवली, त्यामुळे तिकीट काढताना विमानाच्या जन्मसालाला घाबरू नका.

आमच्या वरिष्ठांना मात्र मॅक्स-१० जरूर दाखवावेसे वाटते. या सर्वांत लांब ७३७ची शेपटी उड्डाणाच्या वेळी धावपट्टीला घासू नये म्हणून तिथे लांब होणारे आणि मिटताना पुन्हा आखडून त्याच जुन्या खोबणीत बसणारे पाय अखेर बनवावेच लागले.