कॅपिस्ट्रानोचं टाइल-पॅनल हलवताय? आधी कागद नीट करा

सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मिशनचं (चर्च-वसाहतीचं) चित्र असलेलं, हाताने रंगवलेलं २४ टाइल्सचं पॅनल, अंगणातल्या भिंतीतून काढून कॅलिफोर्नियातून टेक्ससला न्यायचं, दोन टाइल्सना आधीच तडे, आणि मूव्हर (सामान हलवणारी कंपनी) सांगतोय की "काळजी नको, सगळं कव्हर आहे." तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. आमच्याकडे सांता बार्बरा मिशनचं पॅनल होतं, दोन मनोऱ्यांचं. ते नव्या घरी पोहोचलं तेव्हा एका मनोऱ्याचे तुकडे झाले होते.

फोटो, नंबर, टाइल्स उभ्या ठेवून पॅकिंग हे तुम्ही करालच. मी बोलणार आहे ते त्या "कव्हर"बद्दल.

आमच्या मूव्हरच्या क्लेम विभागाने पॅनलची नोंद "बांधकाम साहित्य" अशी केली आणि भरपाई वजनावर काढली: पौंडाला ६० सेंट. सहा इंची टाइल साधारण पौंडभर भरते. म्हणजे कुणीतरी ब्रशने एकेक कमान काढलेली टाइल फुटली, तर हातात ६० सेंट. सामान चढवायच्या गडबडीत एजंटने "हा नेहमीचाच पर्याय, जादा पैसे नाहीत" म्हणत ज्या कागदावर सही घेतली, त्यावर हेच लिहिलेलं होतं. पुढे त्यांनी खोकं आम्ही भरलं होतं हे कारण काढलं. दर फोनला नवा माणूस, दर वेळी तेच फोटो पुन्हा मागायचे. एकालाही ते चित्र आहे हे मान्य करायचं नव्हतं. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत: अप्रेझरचं (कलावस्तूंची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाचं) लेखी मूल्यांकन हातात आल्याशिवाय ट्रक बोलवूच नका. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना पूर्ण किमतीची हमी हा मूळ पर्याय असतो, ६० सेंटवाला तुम्ही सही केली तरच लागू होतो. ती सही करू नका. पौंडामागे १०० डॉलरपेक्षा महाग वस्तूंची वेगळी यादी असते; पॅनल त्यात बसत असेल तर तिथे लिहाच. यादीत "टाइल्स" नको, "हाताने रंगवलेलं सिरॅमिक भित्तिचित्र" असं लिहा. खोकं त्यांनाच भरू द्या, किंवा परवडत असेल तर कलावस्तू नेणारे वेगळे लोक गाठा. (मी वकील नाही. राज्याच्या आतल्या हलवाहलवीचे नियम वेगळे असतात.)

अप्रेझरला चित्रात काय काय आहे तेही सांगा. १८१२ च्या भूकंपात तिथलं दगडी चर्च कोसळलं, त्यानंतर चार घंटा भिंतीत टांगल्या; बहुतेक पॅनलवर ती भिंत आणि पाकोळ्या असतात. मिशन ज्यांच्या श्रमांवर उभं राहिलं ते तिथले मूळ रहिवासी अहाचेमेन लोक मात्र अशा चित्रांत क्वचितच दिसतात. तुमच्या पॅनलमध्ये असतील तर आवर्जून सांगा, मला तरी ते फार मोलाचं वाटतं. भिंगातून बारीक छापील ठिपके दिसले, तर चित्र हाताने काढलेलं नाही, ट्रान्सफर म्हणजे छापून टाइलवर उतरवलेलं आहे. मागच्या बाजूला शिक्का असेल तर त्याचाही फोटो घ्या.

तड्यांना सुपरग्लू लावू नका. पॅरालॉइड बी-७२ हा कलावस्तूंच्या दुरुस्तीत वापरतात तो गोंद वापरा. ते ॲसिटोनने सुटतं, त्यामुळे पुढे कुणाला नीट दुरुस्ती करता येते. बारीक कपचेसुद्धा जपून ठेवा. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या अझुलेजोंमध्ये (पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्समध्ये) ग्लेझवर, म्हणजे टाइलच्या काचेसारख्या थरावर, सरळ ब्रशने चित्र काढलेलं आहे. कॅलिफोर्नियातलं जुनं काम पुष्कळदा कुएर्दा सेका पद्धतीचं: दोन रंगांमध्ये मँगनीज मिसळलेली तेलकट रेघ, भट्टीत तेल जळतं आणि काळपट, खोलगट रेघ उरते. तिच्यात मळ बसतो, मग लोक ॲसिड किंवा व्हिनेगर ओततात. कृपा करून तसं करू नका, ग्लेझची चमक जाते आणि ती परत येत नाही. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं किंवा ग्राइंडर लावणंही नको.

सामान उतरवल्यावर खोकं त्यांच्यासमोर उघडा आणि मोडतोड डिलिव्हरीच्या कागदावर लिहूनच सही करा. क्लेमला डिलिव्हरीपासून ९ महिने मिळतात, पण तो लेखीच द्यावा लागतो. फोनवर कितीही बोललात तरी ते धरत नाहीत.